पोचे पडलेला कॅमेरा

शाळांचे आणि लग्नांचे फोटो काढण्यात ताईची अर्धी हयात गेली होती, आणि तिच्या कॅमेऱ्याची अख्खी. काळा रंग उडून कडांना पितळ उघडं पडलं होतं, अंगावर जागोजाग पोचे होते, पट्ट्याला गाठ मारलेली.

"ताई, बाबांच्या ऐंशीव्या वाढदिवसाला हे डबडं नको गं आणूस," म्हणत तिच्या दोन भावांपैकी थोरल्याने तिला दुसरा कॅमेरा आणून दिला. वापरलेलाच, पण ओरखडा म्हणून नाही. आधीच्या मालकाने वर्षानुवर्षं कपाटात जपून ठेवलेला. ताई हरखली. खोटं कशाला, आपल्या जुन्याची तिला जरा लाजच वाटली. तरी निघताना, राहवेना म्हणून, त्यातही रोल भरून तिने तो पिशवीत टाकला.

वाढदिवसाला भलतंच घडलं. घराच्या वाटणीवरून बोलणं टाकलेले दोघे भाऊ बाबांच्या शब्दाखातर त्यांच्या खुर्चीमागे उभे राहिले. थोरल्याने चाचरत धाकट्याच्या खांद्यावर हात ठेवला. ताईने नव्या कॅमेऱ्याचं बटण दाबलं. बटण ढिम्म हलेना. कपाटात पडून पडून आतलं तेल सुकलं होतं, सगळं जाम!

"झालं का?" धाकट्याची नजर दाराकडे गेली.

"हलू नका रे मेल्यांनो!" ताई खेकसली. लहानपणी खेकसायची तशीच. बाबा खुदकन हसले, मागोमाग दोघेही. तेवढ्यात तिने पिशवीतून जुना काढून डोळ्याला लावला. खटॅक. आणखी एकदा, खटॅक.

घरी परतल्यावर मात्र तिने जुना कॅमेरा पुन्हा पुन्हा उलटसुलट करून पाहिला. आठवड्यापूर्वीच तो जिन्यावरून गडगडत गेला होता, आणि त्यानंतर तपासायचं राहूनच गेलं होतं. हे दोघे पुन्हा कधी असे उभे राहणार?

सकाळी न्हाणीघराचं दार लावून तिने रोल धुतला. ओली फिल्म खिडकीच्या उजेडात धरली. पहिल्यात धाकट्याचे डोळे मिटलेले. दुसऱ्यात तिघेही, दात काढून हसणारे, आणि खांद्यावरचा हात स्पष्ट. ताई पालथ्या बादलीवर मटकन बसली.

"आले गं बाई," ती पुटपुटली.

बाहेर चहा घेऊन उभ्या नवऱ्याने विचारलं, "कोण आलं?"

"सगळे!" ताई आतून ओरडली, आणि हसता हसता तिला रडू फुटलं.