आप्पांचं ‘न्हाई’

रानातून चालून आलं की धोतराला कुसळं चिकटलेली असतात. एक उपटायला जावं तर हाताला चार लागतात. किश्श्यांचंही तसंच. अनगोळच्या आप्पांच्या गोठ्यात रोज सांजेला बसणाऱ्या आम्हा मंडळींना ती चिकटली ती आजवर निघालेली नाहीत.

आप्पा शेतकरी, पण नाव झालं ते कारवानी कुत्र्यांमुळं. लांब तोंडाची, पातळ कमरेची जात. सशामागे सुटली की नजर पुरायची नाही. त्यांची हरणी नावाची कुत्री व्याली की लांबलांबून गिऱ्हाइकं यायची. एका विणीनंतर पुढचं वर्ष हरणीला विसावा, हा आप्पांचा नेम. आणि खोड म्हणाल तर ही, की कुणी काहीही मागो, त्यांचा पहिला शब्द ‘न्हाई’. बाकीचं मागाहून.

*

एकदा कणकुंबीकडचा लाकडाचा ठेकेदार घोड्यावरून आला. त्याला वाघावर सोडायला दोन पिल्लं हवी होती. आप्पा न्हाई म्हणाले. ठेकेदार म्हणाला, “जात लई हिंमतीची हाय म्हून ऐकलंय.”

“हिंमतच लागतीय तर तुमीच जावा की!”

ठेकेदार गेल्यावर आम्ही पोट धरून हसलो. आप्पा हसले नाहीत. ऐन उमेदीत त्यांनी असंच एक पिल्लू कुणाला तरी देऊन टाकलं होतं आणि वर्षभरानं त्याचा नुसता पट्टा परत आला होता. तेव्हापासून जिभेवर ‘न्हाई’ आधी येतं, एवढंच ते बोलले.

*

तेव्हा कॅम्पात गोऱ्यांची पलटण असे. तिथला एक साहेब आला आणि सगळ्यांत देखणं पिल्लू त्यानं निवडलं. गिऱ्हाइकाला पिल्लाची खोट आधी सांगायची, ही आप्पांची रीत; दुकान बुडवायची रीत, असं आम्ही म्हणायचो. ते म्हणाले, “ह्याचा मागचा पाय कच्चा हाय.”

आमच्यातले गोविंद मास्तर दुभाषे झाले. त्यांनी अदबीनं सांगितलं, “साहेब, बॅक लेग इज नॉट कुक्ड.”

साहेबानं एकदा पिल्लाकडं पाहिलं, एकदा चुलीकडं पाहिलं आणि टोपी घालून जो निघाला तो पुन्हा फिरकला नाही.

*

ह्याच मास्तरांना आप्पांनी पुढं एक पिल्लू दिलं. मास्तरांची बदली झाली, तेव्हा त्यांनी ते कडोलीच्या मेव्हण्याकडं ठेवलं. आप्पांना कळलं तसे ते तडक कडोलीला चालत गेले आणि कुत्रं घेऊन आले. मास्तर भेटायला आले तेव्हा आप्पा शांतपणे म्हणाले, “मास्तर, लेक तुमास्नी दिलती. मेव्हण्याला न्हाई.”

मास्तरांनी मान खाली घातली. सांभाळणं झालं नाही तर पिल्लू आप्पांच्याच दारात परत यायचं, हे त्या दिवसापासून साऱ्या गावाला ठाऊक झालं.

*

आता भरमाप्पांचं. हे निपाणीचे जैन व्यापारी, तंबाखूची वखार असलेले. घरची बोली कानडी, आणि कानडीत कुत्र्याला म्हणतात नायी. पहिल्यांदा आले तेव्हा फाटकातूनच त्यांनी विचारलं, “नायी ऐतेन्री?” म्हणजे, कुत्रं आहे का?

आतून आप्पांचा सवयीचा आवाज आला, “न्हाई.”

‘कुत्रं’ असं उत्तर मिळाल्यावर भरमाप्पांनी समाधानानं चपला काढल्या आणि येऊन बाजेवर बसले! घोळ उमगल्यावर सगळे हसले. स्वतः भरमाप्पा तर पुढं आले की म्हणायचे, “आप्पा न्हाई म्हणत्यात, म्हंजे आमच्या भाषेत कबूल.”

पण कबूल नव्हतंच. पिल्लू राखणीला पाहिजे, असं ते म्हणाले होते. “राखणीला कुलूप घ्या,” असं आप्पांनी सुनावलं. तरी माणूस येतच राहिला, तेव्हा एकदा आप्पा मला सोबत घेऊन निपाणीला घर बघायला गेले. वखारीत पाऊल टाकलं आणि दोघंही शिंकून बेजार झालो. इथं कुत्र्याचं नाक मरंल, म्हणून आप्पा मागे फिरले.

भरमाप्पांचा चेहरा पडला. मग खरं काय ते बाहेर आलं. पिल्लू वखारीला नकोच होतं. त्यांची थोरली बहीण, आक्का, मळ्यातल्या घरात एकटी राहायची. तिचं म्हातारं कुत्रं गेलं तेव्हापासून तिनं बोलणं टाकलं होतं, जेवणही टाकत चालली होती. व्यापाऱ्यानं हे चारचौघांत कसं सांगावं?

आम्ही मळ्यात गेलो. आप्पांनी आक्कांना सरळ प्रश्न घातला: जैनाच्या घरात शिकारी कुत्रं खाणार काय?

आक्का बोलल्या. “दूध-भाकरी माझ्याकडची. रानात ते काय खातंय ते त्याचं कर्म. उपाशी ठेवणं मात्र कुणाच्याच धर्मात न्हाई.” मग त्यांनीच विचारलं, “पिल्लं नेल्यावर त्यांची आई काय करती?”

इतक्या वर्षांत एकाही गिऱ्हाइकानं हे विचारलं नव्हतं.

पुढच्या बाजारच्या दिवशी भरमाप्पा आक्कांना घेऊन गोठ्यात हजर. आक्का हरणीजवळ जमिनीवरच बसल्या. हरणी कुणा परक्याला पिल्लांच्या आसपास फिरकू द्यायची नाही. तिनं आक्कांचे हात हुंगले, मग पिल्लं तिथंच सोडून उठली आणि सावकाश पाणी प्यायला गेली.

भरमाप्पांनी हात जोडले. “आप्पा, आता तरी?”

आप्पांनी हरणीकडं पाहिलं. मग सगळ्यांत तरतरीत पिल्लू उचललं, आक्कांच्या पदरात घातलं आणि म्हणाले,

“न्हाई.”