मास्तरांची घडी

परंडा तालुक्यातल्या त्या गावात सरकारी कागदांवरचं उर्दू वाचणारे रेवणसिद्ध मास्तर एकटेच. खिशातलं घड्याळही त्यांच्या एकट्याकडंच. त्यामुळं कागद आणि वेळ या दोन बाबतींत त्यांना कुणी अडवत नसे.

त्यांच्या बायकोच्या, महादेवीच्या, नडग्यांवर बारा वर्षांपासून लाल चट्टे होते. मासोळीच्या खवल्यांसारख्या खपल्या निघत. हा महारोग नव्हे, हे मास्तरांनी गावाला सरकारी दवाखान्याचा कागद वाचून दाखवलं होतं. गावानं मान डोलावली आणि तिला हळदीकुंकवाला बोलावणं बंद केलं. एकोणीसशे त्रेचाळीसच्या हिवाळ्यात परंड्याच्या हकिमानं चट्ट्यांसाठी बावचीच्या बियांचं तेल दिलं, वर उर्दूत लिहून दिलं : तेल लावून सकाळच्या उन्हात एक घडी बसणे.

मास्तरांनी तिला परसात बसवलं, घड्याळ लावलं. घडी म्हणजे तास. त्यात विचारायचं काय?

अर्ध्यातच उठता उठता महादेवी म्हणाली, "अहो, लई भाजतंय."

"घडी भरली न्हाय अजून."

ती बसली.

तिसऱ्या दिवशी नडग्यांवर लिंबाएवढे फोड आले. मास्तर तणतणत हकिमाकडं गेले.

"कितना बिठाये?" म्हाताऱ्या हकिमानं विचारलं.

"एक घडी. घड्याळ लावून!"

"मास्टरसाब, घडी बोले तो चोवीस मिनट. घंटा किधर लिखा मैं?"

मास्तरांनी कागद पुन्हा वाचला. कागद बरोबर होता. घडी म्हणजे किती, हे गावातल्या कुठल्याही अडाणी म्हाताऱ्यानं सांगितलं असतं. पण अडाण्यांना विचारायची मास्तरांना सवय नव्हती.

घरी महादेवीनं कारण शोधून ठेवलं होतं. "सोनारीच्या भैरवाला नारळ बोलले हुते, इसरले. त्यानंच भाजलं. सोमवारी अनवाणी जाते."

मास्तर 'बरं' म्हणाले. चार दिवस त्यांनी शाळेत एकाही पोराची चूक काढली नाही. पोरांना वाटलं, मास्तर आजारी आहेत.

सोमवारी ती फोडांवर फडकं बांधून, चपला आत ठेवून उंबऱ्यात आली. तेव्हा मास्तर भिंतीकडं बघत बोलले, "भैरवानं न्हाय, म्या भाजलं. घडी म्हंजे चोवीस मिनिटं. तू उठत हुतीस, म्याच बसवलं."

महादेवीनं हातातला नारळ खाली ठेवला. मग म्हणाली, "चार दिस म्या देवाला बोल लावला, आन तुमी ऐकत बसलाव?"

"व्हय."

"मग नारळ तुमी न्या. चपला हितंच ठेवा. घड्याळ बी."

त्यांनी घड्याळ दिलं.

"बारापासनं चोवीस म्हंजे काटा कुठवर?"

त्यांनी बोट ठेवलं. तिनं तिथं काचेवर ओल्या कुंकवाची रेघ ओढली आणि घड्याळ कोनाड्यात ठेवलं. फोड बसल्यावर पुन्हा उन्हात बसताना लागणार होतं.

सोनारी सात कोस. किती वेळ लागला, ते मास्तरांना सांगता आलं नाही.