सगळ्यात जड नोंद

आमच्या समाजाच्या वधू-वर मंडळाची सगळी स्थळं नांदेडला आमच्याच घरी, एका जुन्या कम्प्युटरमधल्या एका फाइलमध्ये राहतात. वडील मास्तर होते. निवृत्त झाल्यावर क्लास लावून त्यांनी हा डेटाबेस स्वतः तयार केला आणि पहिली नोंद माझी केली. तेव्हा मी अठ्ठावीसची होते. आता चव्वेचाळीसची आहे, कॉलेजात शिकवते, आणि वडिलांची नजर अधू झाल्यापासून फाइल मीच सांभाळते. ज्या दुकानात आपला माल खपला नाही, तिथंच मॅनेजर म्हणून बसावं, तसं.

फाइल फुगत गेली, कारण आमच्याकडे नोंद येते, जात नाही. लग्न जमलं की पेढे गल्लीभर वाटले जातात, पण मंडळाला कुणी कळवत नाही. लोह्याचा एक मुलगा तर काकानं, मामानं आणि स्वतः त्यानं असा तीनदा नोंदवलेला आहे, आणि तिन्ही ठिकाणी त्याची उंची वेगळी आहे. शिवाय प्रत्येकाचे फोटो आणि पत्रिका स्कॅन करून थेट फाइलच्या पोटात. चेहरा नीट दिसला पाहिजे म्हणून वडील स्कॅनर कमाल ताकदीवर चालवायचे. पुढं पुढं नावावर क्लिक करून मी चहा ठेवायला जायचे, आणि गाळून आणेपर्यंत पडद्यावर मुलीचं कपाळ आणि डोळे आलेले असायचे, हनुवटी यायची असायची.

लातूरच्या मेळाव्याच्या आदल्या दिवशी सकाळी अर्धापूरचे एक केळीबागायतदार मुलीला घेऊन आले. मुलगी नुकतीच बी.एस्सी. झालेली. उद्याच्या यादीत तिचं नाव यायलाच हवं होतं. मी सगळं भरलं, सेव्ह दाबलं, आणि फाइलनं साफ नकार दिला. अशा फाइलची मर्यादा दोन जीबी, ती भरली होती. त्यावर एकही चेहरा घ्यायला ती तयार नव्हती. बापलेकीला मी चार वाजता परत यायला सांगितलं आणि कॉलेजातल्या कम्प्युटरच्या मॅडमना फोन लावला.

"खरं तर फोटो बाहेर फोल्डरमध्ये ठेवायचे असतात, फाइलमध्ये नुसता त्यांचा पत्ता," त्या म्हणाल्या. "ते सुट्टीत करा. आज आधी पेनड्राइव्हवर कॉपी घ्या आणि जुन्या नोंदी काढा. पण नुसतं डिलीट करून भागत नाही, जागा अडूनच राहते. शेवटी कॉम्पॅक्ट करा, तेव्हा फाइल हलकी होईल."

कॉपी घेऊन मी एकेकाला फोन करत सुटले. उदगीरचा एक वर म्हणाला, "लगीन झालं की! दोन लेकरं हायत. पण फोटो राहू द्या मॅडम, लई भारी आलाय." शेजारी बसलेले वडील प्रत्येक नावाला आडवे येत होते. लग्नाच्या यादीतून नाव काढणं बरं नसतं, असं त्यांचं म्हणणं. दुपारपर्यंत जेमतेम सातजण निघाले.

मग मी वैतागून मॅडमना पुन्हा फोन लावला, त्यांनी सांगितलेली क्वेरी चालवली आणि नोंदी वजनाप्रमाणे लावल्या. सगळ्यात वर मी होते. स्वतःची नोंद मी कधी उघडलीच नव्हती. माझ्या एकटीच्या नोंदीत अकरा फोटो. नजर अधू होईपर्यंत दर दिवाळीला नवीन साडीत वडील माझा फोटो काढायचे, तो कुठं जायचा ते आता कळलं. फोटो वाढले तशा अपेक्षा कमी झालेल्या. पहिल्या वर्षी 'डॉक्टर किंवा इंजिनिअर', मग 'सरकारी नोकरी', मग 'निर्व्यसनी', 'बिजवर चालेल', आणि शेवटच्या ओळीत नुसतं 'माणूस चांगला असावा'. मला हसू आलं, आणि पाठोपाठ भयंकर राग आला. यातली एकही ओळ त्यांनी मला विचारून लिहिली नव्हती. आणि त्या शेवटच्या ओळीनं रडूही आलं, ते मी चष्मा पुसण्यावर ढकललं.

"अण्णा, सगळ्यात जड मीच आहे. काढू?"

वडिलांनी विचारलं, "कॉपी हाय न्हवं?"

"आहे."

त्यांनी पेनड्राइव्ह मागून घेतला, सदऱ्याच्या खिशात ठेवला आणि म्हणाले, "काढ मग."

मी काढली. त्यानंतर ते कुठल्याच नावाला आडवे आले नाहीत. कॉम्पॅक्ट केल्यावर फाइल निम्म्यावर आली आणि चहा ठेवायला उठण्याआधीच चेहरे पूर्ण दिसायला लागले.

चार वाजता बाप आणि मुलगी आले. नाव, शिक्षण, उंची भरून झाली. अपेक्षांच्या रकान्यापाशी आल्यावर मुलीचे वडील म्हणाले, "लिहा मॅडम, डॉक्टर नाहीतर इंजिनिअर."

"थांब, लिहू नको," अण्णा मला म्हणाले, आणि मुलीकडं वळले. "तुला कसा पाहिजे, बाई?"

मुलगी गोंधळून बापाकडं बघायला लागली.

"तिकडं नको बघू," अण्णा म्हणाले. "तुलाच विचारून राहिलो."