बिनशेपटीचा मोर

शिवलिंगप्पा सोलापुरातल्या एका चादरीच्या कारखान्यात जकार्ड मागावर होता. गडी अंगानं ढोल, नि आवाजानं त्याहून ढोल. बहात्तरच्या दुष्काळात घरात रेशनची लाल मिलो ज्वारी, तीही अर्धपोटी. आणि सून रुद्राणी नेमकी तेव्हाच पोटुशी. बायको काशम्मा एकच घोकायची, "लेकरू पोटातनंच दुष्काळ घिऊन येतंय बघा."

एक दिवस शिवलिंगप्पा कुठल्याशा डॉक्टरांचं व्याख्यान ऐकून उड्या मारतच घरी आला. आईची उपासमार म्हणे लेकरावर खूण ठेवू शकते. वाडवडिलांकडून अंगात आलेला ऐवज तोच राहतो. त्यातलं काय चालू नि काय बंद, एवढंच बदलतं.

"काशे, ती बिनशेपटीची चादर काढ."

ही चादर म्हणजे त्याचाच प्रताप. जकार्डला नक्षी सांगतात ते भोकं पाडलेले पुठ्ठे. भोक उघडं असलं की दोरा उचलला जातो, बंद असलं की बसून राहतो. ह्या बहाद्दरानं पुठ्ठ्यांवर खळीचं भांडं लवंडलं, भोकं बुजली आणि मोर शेपटीवाचून विणला गेला. मालकानं ती चादर त्याच्याच गळ्यात मारली.

"पुठ्ठे त्येच. नुसती खळ बसली. तसंच लेकराचं."

काशम्मानं चादर उलटीपालटी करून पाहिली. "खळ गरम पाण्यानं निघती की."

"निघती. कवा कवा."

झालं! प्यायला तांब्याभर पाणी नाही, पण रुद्राणीच्या पोटावर सकाळ-संध्याकाळ कोमट पाण्याची धार.

"आत्याबाई, मी माणूस हाय का पुठ्ठा?"

"तू कारखाना हायस. गप पड."

यथावकाश सुईण म्हाळसाबाई बाहेर आली. "पोरगी झाली. किडकिडीत हाय, पर आवाज आज्ज्याचा."

"शेपूट हाय?" काशम्मानं विचारलं.

"न्हाय की."

काशम्मा मटकन खाली बसली. "म्हंजी खळ निघालीच न्हाय."

"अगं, पोटात समद्यांनाच इवलीशी शेपटी असती, मग जाती," शिवलिंगप्पा म्हणाला. "तेवढी खळ ऱ्हायलीच पायजे."

तेवढ्यात आतून रुद्राणीनं हाक मारली, तशी काशम्मा आत गेली. पोरगी चार घोट प्यायली, तोंड फिरवलं नि झोपली. हनुवटीवर दूध तसंच.

"दूध टाकलं," काशम्मा भरल्या डोळ्यांनी म्हणाली. "दुष्काळाचं लेकरू दूध टाकंल व्हय? निघाली की खळ!"

"मग आता माझं पाणी थांबवा, आत्याबाई."

"थांबवलं की," काशम्मा चुलीवर हंडा चढवत म्हणाली. "आता तिचं सुरू."