शिंपीणबाईंची रँक

दुपारी गिऱ्हाईक नसतं. त्या वेळेला शिंपीणबाई दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढायच्या, टेबलावरची कातरणं हाताने एका बाजूला सारायच्या, कानाला हेडफोन लावायच्या आणि धुक्याच्या शहरात जायच्या. शटरखालून उन्हाची एक पट्टी आत यायची आणि तिच्यात कापडाचे बारीक तंतू तरंगत राहायचे. संगणकाच्या पडद्यावर धुकं तरंगायचं. दोन्हींमधलं अंतर बसल्या बसल्या कमी व्हायचं, आणि आपण नक्की कुठे आहोत हे बाईंना थोडा वेळ सांगता आलं नसतं.

मागे आरामखुर्चीत त्यांचा नवरा तोंडावर वर्तमानपत्र घेऊन घोरत असायचा. आयुष्यभर लोकांचे नळ दुरुस्त करून तो आता घरी बसला होता, आणि सगळे त्याला अजूनही नळवालेच म्हणत. जाग आली की नळवाल्यांचा पहिला प्रश्न ठरलेला.

"आज किती मुडदे पाडले?"

बाईंनी आजवर एकही मुडदा धड पाडलेला नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, आणि म्हणूनच ते विचारायचे.

खेळ तसा सोपा होता. एक ओस पडलेलं शहर, मधोमध चौक, चौकापलीकडे कारंजं, बाजूला घंटाघर. दोन टोळ्या बंदुका घेऊन येणार, आणि शेवटी जिच्या ताब्यात चौक राहील ती जिंकली. गोळी लागलेला गडी लगेच मरायचा नाही. तो थोडा वेळ पडून राहायचा, आणि आपल्यापैकी कुणी गुडघा टेकून त्याला पट्टी बांधली तर पुन्हा उठायचा. बाईंना एवढंच जमायचं. त्या धुक्यातून हळूच यायच्या, पडलेल्याला उभं करायच्या आणि भिंतीकडेने निघून जायच्या. खेळातलं त्यांचं नाव सुईदोरा. एका गल्लीत दोरीवर एक शर्ट वाळत घातलेला होता, तो कधीच वाळत नसे. बाई जाता-येता त्याच्यापाशी थांबायच्या. कॉलर कुणीतरी घाईने बसवली आहे असं त्यांचं मत होतं.

"आई, शर्ट बघत उभी राहू नकोस, गोळी लागेल," कानात लेक ओरडायची.

बाई तिथे जात होत्या त्या लेकीसाठी. ती दूरच्या एका शहरात एकटी राहायची आणि एका कंपनीत फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकण्याची नोकरी करायची. संध्याकाळी तिची पाळी सुरू व्हायची, त्यामुळे दुपार दोघींना मोकळी. पण साध्या फोनवर मायलेकींचं काही जमत नसे. बरी आहेस ना? बरी आहे. जेवलीस? जेवले. मग दोघी एकमेकींचा श्वास ऐकत बसायच्या, आणि कुणीतरी "चल, ठेवते" म्हणून सुटका करून घ्यायची. खेळात मात्र पोरीच्या तोंडाचं कुलूप निघायचं. हात गुंतलेले, डोळे शत्रूवर, मग जीभ आपोआप सैल. बाईंना याचं नवल वाटलं नाही. माप देताना हात वर करून उभ्या राहिलेल्या बायका त्यांना काय काय सांगून गेल्या होत्या. "डावीकडे बघ, खिडकीत आहे एक. आणि ऐक ना, मी त्याच्याशी लग्न करत नाहीये. ग्रेनेड, पळ!" अशा रीतीने लेकीचं मोडलेलं लग्न बाईंना कळलं. रडायला सवड नव्हती, हे एका परीने बरंच झालं.

आता रँकची गोष्ट. प्रत्येक खेळाडूला एक आकडा असतो. जिंकलात की तो चढतो, हरलात की उतरतो. आपल्याहून भारी टोळीला हरवलं तर जास्त चढतो, आपल्याहून कच्च्या टोळीकडून मार खाल्ला तर जास्त घसरतो. आकड्याप्रमाणे पायऱ्या: माती, तांबं, रुपं, सोनं. खेळ तुम्हाला तुमच्यासारख्यांशीच भिडवतो. पण एकाच टोळीत एक वरच्या पायरीवरचा आणि एक खालचा असला, तर समोर येणारे वरच्याच्या तोलाचे येतात. लेक रुप्याच्या टोकाला पोचली होती आणि तिला सोनं हवं होतं. लग्न मोडलं होतं, नोकरीत बढती हुकली होती. त्या वर्षात चढत होतं ते हे एवढंच. आणि बाई मातीत.

एक दिवस बाई कानाला हेडफोन लावत होत्या, तेवढ्यात लेकीच्या टोळीतला गाडीवान नावाचा एक जण बोलताना ऐकू आला. बाई आल्याचं त्याला कळलं नव्हतं.

"राग मानू नकोस," तो म्हणत होता, "पण तुझ्या आईला घेऊन तू जन्मात सोन्याला पोचणार नाहीस. समोरचे तुझ्या तोलाचे येतात आणि आपल्यातला एक गडी शर्ट बघत असतो."

"गप रे," लेक म्हणाली. पण तो खोटं बोलतोय असं काही ती म्हणाली नाही.

आपण पोरीच्या नाकाला मोती झालो आहोत, नाकापेक्षा जड, हे बाईंना त्या क्षणी दिसलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी फोन केला आणि सांगितलं की डॉक्टरांनी पडद्याकडे बघायला मनाई केली आहे, डोळ्यांना ताण पडतो. डोळे त्यांचे असे होते की काळ्या कापडावरचा काळा टाका त्या रस्त्यापलीकडून दाखवतील.

"बरं," लेक म्हणाली. "काळजी घे."

लेक चढली. मित्रांच्या यादीत तिचा आकडा दिसायचा, तो बाई रोज बघायच्या. काही दिवसांतच तिच्या नावापुढे सोन्याचं चिन्ह आलं. बाईंचा जीव भांड्यात पडला. मग तो भांड्यातच पडून राहिला, कारण आता दुपारी करायला काही नव्हतं. फोनवर पुन्हा बरी आहेस ना, जेवलीस का.

"खेळतेस ना गं?"

"खेळते की."

बाईंना ती दुपार परत हवी होती. यात आडपडदा कशाला ठेवा, त्यांना लेक हवी होती. पण आता खोटं मागे घेऊनही उपयोग नव्हता. सोन्याच्या माणसासोबत बसायला निदान तांबं तरी लागतं, त्याखालच्यांना खेळ त्या नावावर एक छोटं कुलूप दाखवतो. मग बाईंनी ठरवलं की आपण एकटीने चढायचं, कुणाला न सांगता.

इथे त्यांनी जी चूक केली, ती त्यांनीच करावी अशी होती. लग्नाआधी त्या कपड्यांच्या कारखान्यात कॉलरी शिवायला होत्या. जेवढे नग, तेवढी मजुरी. शर्ट विकला गेला की गोदामात कुजला, याच्याशी कॉलरवालीचा संबंध नाही. मॅच संपली की पडद्यावर तक्ता यायचा: कुणी किती मारले, किती वेळा पडला, किती जणांना उठवलं. मारलेल्यांचा आकडा मोठ्या अक्षरांत, उठवलेल्यांचा कोपऱ्यात बारीक. बाईंनी तक्ता बघितला आणि समजल्या की इथेही नगावरच हिशेब आहे.

मग काय, त्यांनी पट्ट्या गुंडाळून ठेवल्या आणि बंदूक उचलली. सुरुवातीला भिंतींनाच गोळ्या लागल्या. पण सुईत दोरा ओवणारा हात तो, लवकरच नेम बसला. घंटाघरावर चढून त्या धुक्यात डोळा लावून बसायच्या. एकदा तर तक्त्यात त्यांचं नाव सगळ्यात वर आलं.

"बाई, तुम्ही तर सुटलात," जागे झालेले नळवाले पाठीमागून म्हणाले.

आणि तरी आकडा घसरला. बाईंना वाटलं, यंत्र बिघडलं. पुढच्या दुपारीही तेच: तक्त्यात वर, पायरीत खाली.

"बंदूक बदला," नळवाल्यांनी खुर्चीतून सुचवलं. उंटावरून शेळ्या हाकायला त्यांना आवडायचं.

"तुम्ही झोपा हो."

लेकीचा आकडाही याच सुमाराला उतरू लागला होता. रोज थोडा थोडा. पोरगी रोज हरतेय, बाईंना वाटलं, आणि तिला उठवायला कुणी नाही. शिवणात त्यांनी कधी नव्हे ते दोन बाह्या उलट्या लावल्या.

मग एका दुपारी त्यांना उमगलं. त्या दिवशी घंटाघराचा जिना सापडेना इतकं धुकं होतं, म्हणून नाइलाजाने त्या खालीच हिंडत राहिल्या आणि पाय अडखळला त्या त्या गड्याला उठवत गेल्या. एकही मारला नाही. तक्त्यात नाव तळाला. पण टोळी जिंकली होती, आणि आकडा चढला होता, चांगला घसघशीत. बाई पडद्याकडे बघत राहिल्या. म्हणजे तक्ता नुसता दाखवायचा. यंत्र कॉलरी मोजतच नव्हतं. शर्ट पुरा झाला की नाही, एवढंच ते विचारत होतं. इतके दिवस आपण घंटाघरावर बसून नग पाडत होतो आणि खाली आपली माणसं पडून होती. एक ना धड, भाराभर चिंध्या.

त्यानंतर बाई पुन्हा बाई झाल्या. धुक्यातून यायच्या, गुडघा टेकायच्या, उठवायच्या. अनोळखी पोरं कानात म्हणायची, "सुईदोरा असेल तर मी पुढे जातो." आकडा कधी चढे, कधी घसरे, पण एकूण चढतच गेला. उन्हाची पट्टी टेबलाच्या पायापासून शिलाई यंत्रापर्यंत सरकली, ऋतू बदलला, आणि एका दुपारी मातीचं तांबं झालं. जेमतेम. लेकीच्या नावावरचं कुलूप गळून पडलं.

बाईंनी लगेच फोन लावला.

"संगणक लाव."

"का गं? आई, तुझे डोळे..."

"लाव म्हटलं ना."

थोड्या वेळाने चौकाबाहेरच्या लाकडी फलाटावर, जिथे मॅच सुरू व्हायची वाट बघतात, तिथे लेक येऊन उभी राहिली. शेजारी सुईदोरा. पडद्यावरच्या त्या दोन बाहुल्या होत्या, तरी बाईंना तिच्या खांद्यावर हात ठेवावासा वाटला.

"तू तांब्यात?" लेक म्हणाली. "डोळे दुखत होते ना?"

"डोळे ठणठणीत आहेत. तुझ्या पायात माझा पाय नको, म्हणून बोलले तसं. पण तू रोज हरायला लागलीस, मग मला राहवेना."

फलाटावर धुकं सरकत होतं.

"आई, मी हरत नव्हते," ती म्हणाली. "मी येतच नव्हते. वरच्या पायरीवर गेलं आणि खेळलं नाही, तर आकडा आपोआप उतरतो, पायरी तेवढी राहते. सोनं मिळालं त्या दिवशी ते कुणाला सांगावं तेच कळेना. तुला सांगितलं असतं, तर तुला डोळ्यांचं वाईट वाटलं असतं. मग बंदच केलं."

बाईंना आनंद झाला आणि लाजही वाटली, दोन्ही एकदम. तेवढ्यात मॅच सुरू झाली.

सवय मोडलेली लेक पहिल्यासारखीच पुढे धावली आणि कारंज्यापाशी पडली. इकडे चौक बाईंच्या टोळीच्या हातात होता, पण चौकात उभ्या फक्त बाई. त्या तिथून हलल्या तर चौक जाणार, चौक गेला तर मॅच जाणार, आणि मॅच गेली की तांबं जाणार. हे सगळं बाईंना आता नीट कळत होतं.

"नको येऊस," पडल्या पडल्या लेक म्हणाली. "चौक धर." आणि मग, खेळाशी काही संबंध नसल्यासारखं, हळू आवाजात, "आई, इथे संध्याकाळपर्यंत माझ्याशी कुणी बोलत नाही. पाळीवर नुसत्या लोकांच्या तक्रारी. मला नाही राहवत इथे."

बाई चौक सोडून निघाल्या. कारंज्यापाशी गुडघा टेकून त्यांनी पट्टी बांधायला घेतली. धुक्यातून समोरची टोळी आली आणि दोघींना तिथेच आडवं करून चौकात शिरली.

तक्ता आला. आकडे उतरले. तांब्याची माती झाली आणि लेकीच्या नावावर पुन्हा कुलूप येऊन बसलं.

"अगं, काय केलंस," लेक म्हणाली. "परत लागलं की कुलूप. आता पुन्हा सगळं चढावं लागेल तुला."

"चढेन सावकाश," शिंपीणबाई म्हणाल्या. "हेडफोन काढू नकोस. तू काहीतरी सांगत होतीस. ते पुरं कर आधी."