पेटीतला समुद्र

दगड तपासायला आलेल्या मॅडमनी कोअर जिभेला लावली, तेव्हा मी विचारलं, "खारट हाय का?"

"नाही हो मावशी. ओलं केलं की कण नीट दिसतात."

कोअर म्हणजे बोअर मारताना अखंड निघालेला दगडाचा दांडका. कंपनीच्या शेंद्र्याच्या शेडमध्ये तो धुऊन, वरचं वर आणि खालचं खाली, असं पेटीत लावायचं माझं काम. ही कोअर नर्मदेच्या खोऱ्यातली. वर आपला काळा दगड, तळाला नदीची वाळू, मधे शिंपल्यांचा चुनखडक.

बोअर माझ्या नवऱ्यानं मारलं होतं. तो रिगवर ऑपरेटर होता. लग्न झाल्यापासून मला समुद्र दाखवणार होता. सुट्टी जमली नाही. शिंपले निघाले त्या दिवशी त्याचा फोन आला, "तुझा समुंदर घावला. आल्यावर दाखवतो." पेट्या आल्या. तो तिथंच, छातीत दुखून गेला.

कोअर उभी कापतात. अर्धी तपासायला जाते, अर्धी पेटीत राहते. शिंपल्यांची एक अर्धी आधीच गेली होती. मॅडमना आता उरलेली हवी होती, दळून पावडर करायला.

मी नाही म्हणाले.

"मावशी, दगड कंपनीचा हाय, तुमचा नाय," सुपरवायझर म्हणाले. खरंच होतं.

मॅडमनी कारण विचारलं. मी सांगितलं. मग त्यांनी त्यांचं सांगितलं. नदी होती तिथं समुद्र कसा आला? एक तर जगभर पाणी चढलं, नाहीतर इथलीच जमीन खचली. पाणी चढलं असेल तर त्याच वयाचे शिंपले दूरच्या किनाऱ्यांवरही असणार. ते वय पावडरीतून कळतं.

"म्हंजी तो आला, का आपण खाली गेलो?"

"तेच बघायचंय."

मलाही ते कळायला हवं होतं. तुकडा पुन्हा धुतला. जीभ लावली. खारट नव्हता. देऊन टाकला.

रिपोर्ट आला, तो मॅडमनी मला वाचून दाखवला. दोन्ही झालं होतं. आधी जमीन खचली, मग चढता समुद्र आत शिरला. पुढं तो मागं हटला, आणि त्यावर लाव्हा पसरून काळा दगड झाला.

"परत येईल का?"

"येईलही. तेव्हा आपण नसू."

पेटीत जागा रिकामी राहिली. अशा वेळी बाजूचे तुकडे सरकवायचे नसतात. सरकवले तर काळा दगड थेट वाळूला टेकतो. बघणाऱ्याला वाटतं, मधे समुद्र आलाच नाही. म्हणून गेलेल्या तुकड्याएवढा लाकडी ठोकळा तिथं ठेवायचा.

मी मोजून कापला आणि ठेवला. समुद्र अजून पाहिलेला नाही.