वर्लिनची मूठ

आमच्या गल्लीतलं समुद्राचं धुकं निदान दुपारी तरी हटतं. वर्लिन टटलचा हट्ट तेव्हाही हटत नाही. लाकडाच्या गिरणीतून निवृत्त झाल्यापासून त्याचा एकच ध्यास: गांजाचं दगडासारखं घट्ट बोंड देणारं स्वतःच्या नावाचं वाण काढायचं आणि जत्रेत पहिल्या बक्षिसाची निळी फीत मिळवायची.

आमच्याकडे गांजा लावायला कायद्याची परवानगी आहे, पण घरटी सहाच झाडं. तीन त्याची, तीन बायकोची, म्हणजे नडीनची. तिची बोंडं विरळ, सुटी.

"बोंडं म्हणायची की केरसुण्या?" हा भर अंगणात विचारायचा.

पण त्या केरसुण्या धुक्यात टिकायच्या. म्हणून त्याने तिच्या नर झाडाचा पराग आपल्या घट्ट मादीवर शिंपडला. नराला बोंड येतच नाही, तेव्हा बोंडाच्या बांध्यात बापाचा हात नसणार, हे साहेबांनी परस्पर ठरवून टाकलं.

पहिली पिढी आईवर गेली, सगळी घट्ट. वर्लिन असा फुगला की विचारू नका. त्याच भावंडांचा संकर करून त्याने बी धरलं आणि 'वर्लिनची मूठ' असं नाव पुड्यांवर छापून गल्लीभर वाटलं. नडीननेही एक पुडी उचलली.

दुसऱ्या पिढीत दडून बसलेला आजोबा वर आला. कुणाकडे घट्ट, कुणाकडे मधलंच, माझ्याकडे पार विरळ.

"वर्लिन, ही कसली रे मूठ?"

"तू पाणी चुकवलंस. हे माझं वाण नव्हेच!"

नडीनच्या पुडीतून आलेल्या विरळ झाडालाही त्याने हेच ऐकवलं. तिने तेच झाड जत्रेसाठी राखलं.

जत्रेत परीक्षक लोरिंडाने वर्लिनचं गलेलठ्ठ बोंड फोडलं. आत करडी बुरशी. धुक्याची ओल आत शिरली होती, बाहेर पडायला वाट नव्हती. मग तिने नडीनचं विरळ बोंड उचललं, हुंगलं, पुन्हा हुंगलं.

"निळी फीत याला. वाण कोणतं?"

"वर्लिनची मूठ," नडीन म्हणाली.

"तुमचं का हो?" लोरिंडाने वर्लिनला विचारलं.

अख्खी गल्ली कान टवकारून उभी. मला तर आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

वर्लिनने फोडलेलं बोंड खिशात कोंबलं. "माझंच. जरा आजोबावर गेलंय."

"आणि आजोबा माझ्या वाफ्यातला," नडीन म्हणाली. "लाव फीत."

तिच्या कोटाला फीत लावताना त्याने दोनदा स्वतःच्याच बोटात टाचणी टोचून घेतली. मला पहिल्यांदाच त्याची दया आली.